भिंतचित्र आणि प्रदर्शन: किशोरवयीन मुलांच्या सामूहिक कलाप्रकल्पात या चुका टाळा

शाळेच्या किंवा सोसायटीच्या कंपाउंडवर मुलांनी मिळून भिंतचित्र काढायचं आणि मग समाजमंदिरात त्याचं प्रदर्शन भरवायचं, हा बेत आता बऱ्याच ठिकाणी होतो. तक्रारीही सगळीकडे सारख्याच. पहिल्या पावसात पोपडे निघाले, तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं गळाली, उद्घाटनाच्या फलकावर प्रमुख पाहुण्यांचं नाव फूटभर आणि मुलांची नावं कोपऱ्यात. यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ ब्रश हातात घेण्याआधीच्या पंधरवड्यात असतं.

पुढचे आकडे 13 ते 17 वयाची वीस-पंचवीस मुलं आणि 20 फूट लांब, 6 फूट उंच भिंत, म्हणजे 120 चौरस फूट, धरून दिले आहेत. भिंत मोठी असेल तर सामान त्या प्रमाणात वाढवा. मुलं जास्त असतील तर भिंत वाढवू नका, पाळ्या वाढवा.

तारीख आणि परवानगी

दहावी-बारावीच्या मुलांना डिसेंबरनंतर धरून चालू नका. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग बोर्ड. आठवी, नववी आणि अकरावी हा गाभा ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुलं गावाला जातात, त्यामुळे सुट्टी संपल्यानंतरचे तीन-चार आठवडे सगळ्यात सोयीचे. तोवर ऑक्टोबरच्या उन्हात भिंतही वाळलेली असते. मे महिन्यात करायचंच असेल तर सकाळी साडेसहा ते दहा एवढीच वेळ धरा. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो, कडा जोडल्या जात नाहीत आणि पट्टे दिसतात. महिनाअखेरीस वळीव गाठण्याची भीती वेगळीच.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटीची भिंत असेल तर व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत घ्या, सार्वजनिक भिंत असेल तर नगरपालिकेचं किंवा वॉर्ड ऑफिसचं लेखी पत्र. राज्यात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे, आणि तक्रार करणाऱ्याला चित्र सुंदर आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. पत्राला चित्राचं अंतिम रेखाटन जोडा आणि त्यावरही तारखेसह सही घ्या. ‘हे जरा बदला’ म्हणणाऱ्यांना सहीआधीच म्हणू द्यावं, रंग लागल्यावर नाही.

भिंत न तपासता रंग आणणं

इतर सगळ्या चुका निस्तरता येतात. भिंत चुकली तर पूर्ण काम खरवडावं लागतं. म्हणून रंगाच्या दुकानात जाण्याआधी तीन तपासण्या करा. तिन्हींना मिळून एक दिवस लागतो.

पहिली ओलीची. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक तुकडा जमिनीपासून फूटभरावर, एक मध्यावर. चोवीस तासांनी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले असतील तर ओल भिंतीच्या पोटात आहे. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, आतलं पाणी बाहेर पडताना तो फुगवून टाकतं.

दुसरी तपासणी चुन्याची. कोरडा तळवा भिंतीवर जोरात घासा. तळव्यावर पांढरी पूड आली तर तिथे चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. रंग गिलाव्याला धरण्याऐवजी त्या पुडीला धरतो आणि तिच्यासकट गळून पडतो. पाणी मारून, घासून, तो थर काढावाच लागेल.

तिसरी पकडीची. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर जुन्या रंगाचे तुकडे आले तर आधी खरवडण्याचं काम आहे. इथे एक सावधगिरी: घरगुती रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, पाणी मारून ओला करून खरवडा. हे काम रंगाऱ्याकडून करून घ्या, मुलांना त्या दिवशी बोलावूच नका.

खार फुटला असेल, म्हणजे भिंतीवर मिठासारखा पांढरा थर दिसत असेल, तर पाण्याने धुण्याचा मोह टाळा. क्षार पाण्यात विरघळून परत आत जातात आणि महिन्याभराने पुन्हा बाहेर येतात. तारेच्या ब्रशने कोरडंच झाडा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडे मातीचा वाफा टेकलेला असतो, नाहीतर बागेचा नळ ठिबकत असतो. भिंतीच्या माथ्यावर कोपिंग, म्हणजे पाणी निथळवणारा उतरता थर, नसेल तर वरूनही पाणी मुरतं. सिमेंटचा उतरता थर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चित्रावर काळे ओघळ उतरतील. काळं-हिरवं शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मोठ्यांनी हातमोजे घालून धुवावं आणि भिंत दोन-तीन दिवस वाळू द्यावी.

नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा अल्कली रंगाला खातो, विशेषतः निळ्या-जांभळ्या छटा डागाळतात. भेगा बुजवायला व्हाइट सिमेंटची पुट्टी वापरा. दुकानदाराने ॲक्रिलिक पुट्टी दिली तर परत करा. ती घराच्या आतल्या भिंतींसाठी असते, बाहेर पावसात मऊ पडते.

रंग: किती, कुठला आणि कोण मिसळणार

पोस्टर कलर भिंतीवर लावलेले पाहिले की वाईट वाटतं, कारण मुलांनी मन लावून काम केलेलं असतं आणि एका सरीत ते वाहून जातं. डिस्टेंपरही बाहेर टिकत नाही. ऑइलपेंट चकाकतो म्हणून आवडतो, पण तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही आणि टर्पेंटाइनच्या वासात मुलांना तासन्तास उभं करतो. बाहेरच्या भिंतीला एक्स्टीरियर ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा बाहेरचा रंग, दुसरं काही नाही.

120 चौरस फुटांना साधारण 3 लिटर एक्स्टीरियर प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) लागतो. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत पन्नासेक चौरस फूट भागवतं, खरबरीत भिंत त्यापेक्षा बरंच जास्त पिते. म्हणून पांढऱ्याचा 4 लिटरचा एक डबा, आणि गेरू, पिवळी माती, गडद निळा, गडद हिरवा आणि काळा प्रत्येकी 1 लिटर, एवढं पुरतं. बाकीच्या छटा यातूनच निघतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती गडद रंगांत. पांढरा डबा आणि स्टेनरच्या, म्हणजे त्यात मिसळायच्या दाट रंगाच्या, दहा बाटल्या आणल्या की सगळे रंग होतील असं वाटतं. होत नाहीत. पांढऱ्यात निळा स्टेनर कितीही ओता, आकाशी रंगच दाट होत जातो, गडद निळा येत नाही. आणि लिटरमागे 30-40 मिलीच्या वर स्टेनर गेला की तो रंग नीट सुकत नाही, बोट लावलं तरी हाताला येतो. गडद छटा दुकानातल्या टिंटिंग मशीनवर, गडद रंगांसाठीच्या ‘डीप बेस’ रंगातच करून घ्या.

पिवळा आणि लाल झाकत नाहीत. काळ्या रेषेवर पिवळा चार हात दिला तरी रेष खालून डोकावते. जिथे पिवळा यायचा आहे तिथे आधी पांढऱ्याचा हात मारून घ्या. टिकाऊपणाचं म्हणाल तर गेरू आणि पिवळी माती हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग उन्हात वर्षानुवर्षं तसेच राहतात. भडक गुलाबी आणि जांभळा आधी उडतात, त्यामुळे चेहरा, अक्षरं असा चित्राचा जीव त्यांच्यावर ठेवू नका.

मिसळण्याचं काम दोनच मुलांकडे द्या आणि एकाच बैठकीत उरका. प्रत्येक छटा लागेल त्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त करा, झाकणाच्या बरणीत भरा, बरणीवर क्रमांक लिहा आणि झाकणाला त्याच रंगाचं बोट लावा. संपलेला रंग दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळला तर तो जुळत नाही, मग अर्धी साडी एका निळ्यात आणि अर्धी दुसऱ्या. ओल्या रंगावरून छटा ठरवू नका. इमल्शन सुकल्यावर थोडं गडद होतं, म्हणून आधी कागदावर हात मारून सुकवून पाहा. पाणी अंदाजाने ओतू नका. रंग पातळ झाला की ओघळ येतात, मुलं ते झाकायला आणखी पातळ थर देतात आणि पुन्हा ओघळ येतात.

‘प्रत्येकाने आपापलं काढा’

हे ऐकायला लोकशाहीचं वाटतं. परिणाम असा की वीस चौकोनांत वीस झाडं, वीस सूर्य आणि मधे कुठेच चित्र नाही. उलट टोकाची चूक म्हणजे चित्रकलेच्या सरांनी सगळं रेखाटून मुलांना फक्त भरायला देणं. तेरा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं आणि तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

मधला मार्ग थोडा वेळखाऊ आहे. पहिल्या बैठकीत फक्त विषय, तोही भिंतीच्या परिसरातला: इथला ओढा, बंद पडलेली गिरणी, आठवडी बाजार. मुलं आधी तिथे जाऊन रेखाटनं करतील. दुसऱ्या बैठकीत सगळी रेखाटनं बिननावाची भिंतीला लावा आणि प्रत्येकाला तीन टिकल्या द्या. हात वर करायला सांगितलं की दोन मोठ्या आवाजाची मुलं जिंकतात. टिकल्यांत गप्प बसणाऱ्यांचंही मत मोजलं जातं. सर्वाधिक टिकल्यांची चार-पाच रेखाटनं घेऊन तिसऱ्या बैठकीत पाच जणांचा गट ती एका पट्ट्यात जुळवतो. सरांचं काम इथे सुरू होतं: मोठे आकार कुठे, मोकळी जागा किती, नजर डावीकडून उजवीकडे कशी जाते. बाकी मुलं तोवर छटांची यादी करतात. सगळ्यांनी त्याच सात-आठ छटा वापरल्या की वेगवेगळ्या हातांचं काम आपोआप एका घरचं दिसतं.

ओढा काढायचा म्हटलं की त्यातला कचराही चित्रात येणार. समितीतलं कोणीतरी म्हणेलच, ‘छान काहीतरी काढा ना.’ काय चालेल, काय नाही, हे पहिल्या बैठकीआधी मोठ्यांनी आपसात ठरवून मुलांना स्पष्ट सांगावं. मुलांचं चित्र रातोरात पुसून त्यावर कमळं काढणं, याइतका त्यांचा अपमान दुसरा नाही.

आणि वारली. काय काढावं सुचलं नाही की गेरूच्या भिंतीवर इंटरनेटवरच्या त्रिकोणी आकृत्या उमटतात. ही पालघर जिल्ह्यातल्या जिवंत समाजाची कला आहे. तिला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती कॅनव्हासवर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री. लग्नात भिंतीवर काढायचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी असते. बसथांब्यामागची जागा भरायची नक्षी म्हणून तो काढणं बरं नव्हे. वारलीच हवी असेल तर डहाणू-जव्हारकडच्या कलाकाराला मानधन देऊन बोलवा, मुलांना त्यांच्या हाताखाली शिकू द्या आणि भिंतीवर त्यांचं नाव लिहा.

चित्र भिंतीवर उतरवताना

कागदावर 1 इंच म्हणजे भिंतीवर 1 फूट. 20 बाय 6 इंचांच्या रेखाटनावर इंचाइंचाला रेघा, भिंतीवर फुटाफुटाला. आडव्या चौकटींना आकडे, उभ्यांना अक्षरं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते पुढे.

जमिनीपासून मोजू नका. रस्ता उताराचा असतो, कंपाउंडही त्याच्याबरोबर उतरतं, आणि वीस फुटांत चार-पाच इंचांचा फरक सहज पडतो. चौकटी जमिनीला धरून आखल्या की चित्रातली माणसं एका बाजूला कलतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे जाऊ द्या. एकाने डाव्या टोकाला ठरवलेल्या खुणेशी पाण्याची पातळी जुळवायची, दुसऱ्याने उजव्या टोकाला पातळी स्थिरावेल तिथे खूण करायची. त्या दोन खुणांमध्ये दोरी मारली की आडवी रेघ पक्की. उभ्या रेघांना ओळंबा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मुलांना यात चित्राइतकीच मजा येते.

दोरीला नीळ लावू नका, ती फिक्या रंगातून वर येते. पर्मनंट मार्करचंही तसंच, इमल्शनचे दोन हात दिले तरी जांभळी रेष उमटते. तेलकट खडूवर तर रंग धरतच नाही. रंगीत पार्श्वभूमीवर साधा पांढरा खडू आणि पांढऱ्यावर पाणी घातलेला फिका राखाडी इमल्शन, एवढंच वापरा. प्रत्येक आकारात खडूने बरणीचा क्रमांक लिहा म्हणजे पाळी बदलली तरी कोणाला विचारावं लागत नाही.

अक्षरं लिहिणार असाल तर रस्त्यापलीकडून, तीसेक फुटांवरून, वाचायला किमान 3 इंचांची उंची हवी. मजकूर आधी कागदावर लिहून मराठीच्या बाईंना दाखवा. चुकलेला उकार भिंतीवर फूटभर मोठा असतो आणि गावातले सगळे नेमका त्याचाच फोटो काढतात.

खालची दीड फूट पट्टी गडद ठेवा, तिथे चेहरे वा बारीक काम नको. पावसात जमिनीवरून उडणारा चिखल तिथवर येतो. पिंकाही तिथेच पडतात.

मुलं का गळतात

कंटाळून नव्हे, ताटकळून. एका मुलाला भिंतीवर मोकळेपणी काम करायला अडीच फूट रुंदी लागते, म्हणजे वीस फुटांवर एका वेळी आठ जण. पंचवीस जणांना एकदम बोलावलंत तर सतरा जण मोबाइलवर. आठ-आठच्या तीन पाळ्या, प्रत्येकी दीड तास, आणि पाळी नसलेल्यांना खरी कामं: प्रदर्शनाच्या पाट्या, फोटो, परिसरातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती. भिंतीवर एकूण चार सकाळी पुरतात.

संध्याकाळची वेळ ठेवली की दोन दिवसांनी मुली दिसेनाशा होतात, घरून अंधाराआधी परत यायला सांगितलेलं असतं. जवळ स्वच्छतागृह नसेल तरीही त्याच आधी येणं थांबवतात. या दोन्हींची सोय पालकांना पहिल्याच चिठ्ठीत लिहून कळवा.

साडेपाच-सहा फुटांवरचं काम मोठ्यांनी करावं. प्लास्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवून चढणं सर्रास दिसतं, ते पहिल्या दिवशीच बंद करा. स्प्रेचे डबे देऊ नका. साधा मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ नाही.

प्रदर्शन: भिंत हॉलमध्ये येत नाही

भिंतचित्राचे दहा फोटो लावणं म्हणजे प्रदर्शन नव्हे. चित्र तर शंभर पावलांवर आहे, लोक तिथे जाऊन बघतील. हॉलमध्ये लावा ते भिंतीवर दिसत नाही ते: पहिली रेखाटनं, टिकल्या लावलेले कागद, नाकारलेले आराखडे, रंगांच्या चाचण्या, मुलाखतींतली वाक्यं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक खोका ठेवा आणि काहीही फेकू देऊ नका. शेवटच्या आठवड्यात आठवण झाली तर निम्मे कागद ब्रश पुसायला गेलेले असतात.

समाजमंदिरात खिळे मारू देत नाहीत आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली तर रात्रीतून चित्र खाली येतं, डिस्टेंपरसकट. मंडपवाल्याकडून चौकटी घ्या, तार ताणा आणि क्लिपांनी टांगा. सुतळी झोल खाते, तारेलाही दर सहा-सात फुटांवर आधार लागतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर, सगळ्या चित्रांचा एकाच रेषेत. वरच्या कडा जुळवण्यापेक्षा हे डोळ्याला बरं वाटतं. फोटो ए-फोरपेक्षा लहान नकोत. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यात फक्त ट्यूबलाइट दिसते.

चित्राखालच्या पाटीवर नाव कसं लिहायचं हे त्या मुलाला विचारा. कोणाला फक्त पहिलं नाव हवं असतं, कोणाला काहीच नको. फोटो छापण्यासाठी आणि समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी पालकांची लेखी संमती वेगवेगळी घ्या. शाळेचं नाव, वर्ग आणि चेहरा एकत्र टाकणं टाळा.

उद्घाटनाचा कार्यक्रम वीस मिनिटांत संपवा. मुलांना ट्रे घेऊन उभं करू नका, त्यांना चित्रांपाशी उभं करा आणि पाहुण्यांना घेऊन फिरायला सांगा. देणगीदाराचं बोधचिन्ह केवढं आणि कुठे, हे देणगी घेतानाच लिहून द्या. नंतर ते वाढतच जातं.

काम संपल्यावर

क्लिअर कोट, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, घाईने मारू नका. रंग पूर्ण बसायला आठवडा द्या, मग पाण्यावर चालणारा एक्स्टीरियर ॲक्रिलिक क्लिअर कोट दोन हात. लाकडावरचं पॉलिश किंवा वॉर्निश उन्हात पिवळं पडतं.

फुगा आला तर तेवढाच भाग कापून आत बघा. सिमेंट ओलं असेल तर पाण्याचा माग काढा. सिमेंट कोरडं असून रंगाच्या पाठीला पांढरी पूड असेल तर तिथे चुना राहिला होता, तेवढं खरवडून पुन्हा प्रायमर लावा. हात फिरवल्यावर रंगाची भुकटी येत असेल तर रंगात पाणी किंवा स्टेनर जास्त झालं होतं. पाण्याने हलकं धुवा, वाळू द्या आणि त्याच बरणीतल्या रंगाचा एक हात द्या.

म्हणून उरलेल्या प्रत्येक छटेची अर्धा लिटरची बरणी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेत हवा राहिली की वर साय धरते. झाकणावर क्रमांक, दुकानातला शेड कोड आणि मिश्रणाचं प्रमाण लिहा, आणि बरण्या उन्हापासून दूर, कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा. किल्ली वॉचमनकडे ठेवा आणि ती कुठे आहे हे नववीतल्या दोघांनाही सांगून ठेवा. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर डागडुजीला तेच असतील.